न्यायासनावरील लोकसेवक

सरकारी नोकराने सार्वजनिक चळवळीपासून चार हात दूर राहावे, हा ब्रिटिश अमदानीतील दंडक जितका कडक तितकाच सोयीचा होता. त्याच्या आडोशाला कितीतरी विद्वान मुन्सफ आणि मामलेदार आयुष्यभर निर्धास्त राहिले. महादेव गोविंद रानडे यांनाही तो आडोसा सहज लाभला असता. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होत होती. १८७१ साली ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले, तेव्हा त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती. बढतीची वाट मोकळी होती. फक्त गप्प बसायचे होते.

नेमके तेच त्यांना जमले नाही. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने १८७० साली निघालेल्या सार्वजनिक सभेला रानड्यांच्या रूपाने विचार करणारे डोके मिळाले. दिवसा कचेरीतील दावे आणि उरलेल्या वेळात सभेचे अर्ज, असा क्रम सुरू झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतील माहिती गोळा करून सभेने ती सरकारपुढे मांडली. लोकांची गाऱ्हाणी आकड्यांनिशी मांडण्याची ही रीत महाराष्ट्राला बव्हंशी रानड्यांनी शिकविली. वसंत व्याख्यानमाला, १८७८ चे ग्रंथकार संमेलन, १८८४ साली निघालेली मुलींची शाळा (आजची हुजूरपागा) या साऱ्यांमागे त्यांचा हात होता.

अशा न्यायाधीशाविषयी सरकार साशंक झाले नसते तरच नवल. त्यांची नाशिकला बदली झाली. पुढे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने पुणे हादरले, तेव्हा त्यांना तडकाफडकी धुळ्याला धाडण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात असत. रानडे हे ओळखून होते. त्यांनी तक्रार केली नाही, आणि काम सोडून राजीनामाही दिला नाही.

मात्र त्यांच्या न्यायदानाचा खरा कस पुढेच लागला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा जन्मला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. कर्जरोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर हुकूमनामा न देता, मूळ रक्कम किती, व्याज किती आणि फेड किती झाली हे न्यायाधीशाने उकरून पाहावे, हप्ते बांधून द्यावेत, असे तो सांगत होता. या कायद्याखालील खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्याचे काम १८८१ पासून रानड्यांकडे आले, प्रथम साहाय्यक म्हणून व १८८७ पासून विशेष न्यायाधीश म्हणून. गावोगाव मुक्काम करायचा, दप्तरे तपासायची, निकालात चूक दिसली तर ती दुरुस्त करायची. फिरतीचे हे काम कोणाला शिक्षा वाटले असते. हिंदी अर्थकारणावर पुढे त्यांनी जे लिहिले, त्याला मात्र या चार जिल्ह्यांच्या धुळीने वजन आणले.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी निवर्तल्यावर १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबद्दल पुढे त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. स्वतःला त्याची गरज वाटली म्हणून नव्हे, तर बहिष्काराने गांजलेले सोबती एकटे पडू नयेत म्हणून. त्यांचा हा हेतू मान्य करूनही सुधारणापक्षाचे त्यामुळे नुकसान झाले, असेच म्हणावे लागते. माणसे तुटू नयेत या हव्यासापायी त्यांनी तत्त्वाला अनेकदा थांबावयास लावले. त्या अकरा वर्षांच्या मुलीला मात्र त्यांनी घरच्यांचा रोष पत्करून शिकविले. पुण्याच्या सेवासदनाचा डोलारा उभा करणाऱ्या रमाबाई रानडे त्या ह्याच.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या हायकोर्टाच्या जागेवर १८९३ साली रानडे गेले. पुण्याने त्यांचे सत्कार केले आणि दोनच वर्षांत त्याच पुण्याने त्यांना धुडकावले. १८९५ मध्ये काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देणार नाही, असा टिळकपक्षाने हट्ट धरला, तेव्हा रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. ज्या सार्वजनिक सभेसाठी त्यांनी वीसहून अधिक वर्षे खर्ची घातली, तीही त्याच साली विरोधकांच्या हाती गेली. रानड्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली आणि अर्ज लिहिण्यास पुन्हा आरंभ केला.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत ते वारले, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. त्यांच्याशी सर्वांत कडाक्याने भांडलेल्या टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, आणि थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणण्याचे श्रेय निःसंकोचपणे या सरकारी न्यायाधीशाला दिले.