विश्लेषण : बहिणाबाईंचे दुःख जात्यावर हलके कसे झाले?

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, मोताळा या पट्ट्यातील लेवा कुटुंबांना बहिणाबाई चौधरींची गाणी समजायला शब्दार्थांची गरज लागत नाही. तीच बोली, तेच कापसाचे शेत, तेच घरोट. लेवा बोलीत जात्याला घरोट म्हणतात. शाळेत या कविता निसर्गाच्या आणि शेतीच्या म्हणून शिकवल्या जातात. मात्र त्या ज्या बाईने रचल्या तिचे आयुष्य समोर ठेवले, की वेगळा प्रश्न पडतो. मन खचावे असे इतके घडूनही ही बाई गात कशी राहिली आणि त्या गाण्याचा तिला नेमका काय उपयोग झाला?

बहिणाबाई कोण होत्या?

जळगावजवळच्या असोदे गावी २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही; लिहिता-वाचता त्यांना शेवटपर्यंत आले नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झाले. काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले. पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेले सोपानदेव चौधरी ते हेच.

संकट कोणते आले?

वयाच्या तिशीच्या आसपास नथुजी गेले. पदरात तीन मुले, अंगावर शेती आणि घर. ओंकारला प्लेगने गाठले. तो वाचला, पण कायमचे अपंगत्व मागे ठेवून. त्या काळी विधवेचे कुंकू आणि बांगड्या तर जातच, पण तिच्या दुःखाचीही एक ठरलेली जागा असे. घरच्या चार भिंतींत रडायचे आणि दहा दिवसांनी कामाला लागायचे. बहिणाबाई कामाला लागल्याच. त्यांना आजच्या भाषेतले नैराश्य होते की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही आणि तशी गरजही नाही. दुःख होते, एवढे त्यांच्या गाण्यांतून स्पष्ट दिसते.

गाण्याने काय साधले?

वैधव्यावरच्या त्यांच्या कवितेत एक गोष्ट ठळक आहे. काय काय गेले याची यादी त्या करतात आणि प्रत्येक गेलेल्या वस्तूमागे काय उरले तेही मांडतात. कुंकू पुसले गेले, बांगड्या फुटल्या, पण हातातली कामाची ताकद कुठे गेली नाही. आयाबायांनी आपली कीव करू नये, असेही त्या बजावतात. दुसऱ्या एका गाण्यात दारात आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात. आपले नशीब आपल्याला कळले आहे, हात दाखवायची गरज नाही, असा त्याचा सूर. रडगाणे म्हणावे असे यात काही नाही. दुःखाशी घातलेला हा रोखठोक वाद आहे, आणि तो घालायला गाण्यासारखी जागा त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार होती?

मनावरची त्यांची प्रसिद्ध कविताही याच नजरेने पाहता येते. मोकाट सुटलेले, हाकलले तरी पुन्हा पिकात शिरणारे ढोर ही मनाला दिलेली उपमा शेतकरी बाईलाच सुचावी. नको ते विचार परतपरत येतात, हा अनुभव याहून सोप्या शब्दांत सांगणे अवघड आहे.

जात्याचाच ठेका का?

यासाठी त्यांनी वेगळा वेळ काढलेला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. छंद जोपासा, हा सल्ला ज्याच्याकडे फुरसत आहे त्याला ठीक. बहिणाबाईंचे गाणे दळताना, निंदताना, पेरताना आले. पहाटे घर झोपलेले असते, हात एका लयीत फिरत असतो, ऐकायला कोणी नसते. सासरी जे बोलता येत नाही ते जात्याला सांगता येते. घरोटावरच्या कवितेत त्यांनी स्वतःच पीठ पडण्याचा आणि गाणे ओठी येण्याचा संबंध जोडला आहे. ही रीत त्यांच्या एकटीची नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे मोठे कष्ट वाचले. ती पहाटेची एकांताची वेळही तिच्याबरोबर गेली, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेवर लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरे वाटले नाही, उलट मन जड झाले. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध मांडला. कला उपचाराला साथ देते, उपचाराची जागा घेत नाही.

हा फरक पश्चिम विदर्भात महत्त्वाचा आहे. येथे शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर शेती, कर्ज आणि मुले एकटीने ओढणाऱ्या कितीतरी बाया आहेत. त्यांना गाणे म्हणा, असे सांगून मोकळे होता येणार नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक गेली, जगणे नको वाटू लागले, तर डॉक्टरांकडेच जायला हवे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते.

ही गाणी वाचली कशी?

सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने काही गाणी ऐकता ऐकता वहीत उतरवून घेतली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी संकोचतच ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आले आणि असोद्याची ही शेतकरी बाई महाराष्ट्राला माहीत झाली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव मिळाले. पहिल्या आवृत्तीत मोजक्या पस्तीस कविता होत्या. वैधव्य नवे होते तेव्हा सोपानदेव जेमतेम तीन वर्षांचे होते. त्या वर्षांत जात्यावर जे म्हटले गेले, ते लिहून घ्यायला घरात कोणी नव्हते.