हातांची भाषा समुद्रापार नेणारे लॉरां क्लेर

कर्णबधिरांची खुणांची भाषा जगभर एकच असते, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. ओंजळ तोंडाशी नेली की पाणी हवे आहे हे कुणालाही कळते, मग त्यात वेगवेगळ्या भाषा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण चार खुणा म्हणजे भाषा नव्हे. खुणांतून भाषा कशी घडते, ती परदेशी कशी जाते आणि तिथे रुजताना कशी बदलते, हे समजून घ्यायचे तर लॉरां क्लेर या फ्रेंच शिक्षकाचे चरित्र पाहावे.

क्लेर यांचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील ला बाल्म या खेड्यात झाला. वडील गावचे प्रतिष्ठित गृहस्थ होते. लॉरां जेमतेम एक वर्षाचे असताना खुर्चीवरून शेगडीच्या आगीत पडले आणि उजवा गाल भाजला. त्यांना ऐकू येत नाही हे लक्षात आल्यावर घरच्यांनी त्याचे कारण तो अपघातच मानला. कानाचे उपचार झाले, पण गुण आला नाही. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत शाळा नाही, अक्षरओळख नाही. घरच्यांशी बोलायचे ते हाताच्या खुणांनी. भूक, झोप, गाय, आई एवढे त्यातून सांगता येई. मनातली शंका किंवा उद्याचा बेत सांगायला त्या खुणा पुऱ्या पडत नसत.

१७९७ मध्ये काकांनी त्यांना पॅरिसच्या कर्णबधिरांच्या शाळेत घातले. आबे द लेपे या धर्मगुरूंनी १७६० च्या सुमारास या शाळेचे काम सुरू केले होते. पॅरिससारख्या मोठ्या शहरात कर्णबधिर माणसे एकमेकांना भेटत आणि त्यांची आपापसातली खुणांची भाषा आधीपासूनच होती. लेपे यांनी ती शिकून घेतली आणि फ्रेंच व्याकरण शिकवण्यासाठी तिच्यात आपल्या काही खुणांची भर घातली. शाळा झाली, वसतिगृह झाले. गावोगावची मुले एकत्र आली. प्रत्येकाने घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि मोठ्यांकडून लहानांकडे जाता जाता भाषा पक्की होत गेली. एकट्याच्या खुणेला भाषा व्हायचे तर असा समाज लागतो. लहानग्या क्लेर यांना तो इथे मिळाला. गालावरच्या व्रणावरून मित्रांनी त्यांचे खुणेतले नाव ठेवले: दोन बोटे गालावरून खाली फिरवायची. तेच नाव जन्मभर राहिले.

याच शाळेत एका शिक्षकाने त्यांना तोंडाने बोलायला शिकवण्याचा प्रयत्न केला. उच्चार जमेना म्हणून त्याने रागाने हनुवटीवर ठोसा मारला आणि मुलाची जीभ दातांखाली चावली गेली. त्यानंतर क्लेर यांनी बोलण्याचा नाद कायमचा सोडला. पुढे स्वतः कर्णबधिर असलेल्या जाँ मास्यू या शिक्षकांच्या हाताखाली ते तयार झाले आणि त्याच शाळेत शिकवू लागले.

१८१५ मध्ये अमेरिकेहून थॉमस गॅलॉडेट नावाचे तरुण धर्मोपदेशक युरोपात आले. शेजारच्या ॲलिस कॉग्जवेल या कर्णबधिर मुलीमुळे त्यांना आपल्याकडे शाळा काढायची होती. पद्धत शिकायला ते आधी ब्रिटनमध्ये गेले, पण तिथे शाळा चालवणाऱ्या घराण्याने आपली विद्या गुप्त ठेवण्याच्या अटी घातल्या. लंडनमध्ये त्यांची गाठ पॅरिसच्या शाळेचे प्रमुख सिकार, मास्यू आणि क्लेर यांच्याशी पडली. पुढच्या वर्षी ते पॅरिसला गेले आणि क्लेर यांना आपल्याबरोबर येण्याची विनंती केली. तीस वर्षांचे क्लेर घर, आई आणि देश सोडून निघाले.

१८ जून १८१६ रोजी जहाज सुटले. प्रवास ५२ दिवसांचा होता. या काळात क्लेर गॅलॉडेटना खुणा शिकवत होते आणि त्यांच्याकडून स्वतः इंग्रजी शिकत होते. अमेरिकेत पोहोचल्यावर दोघांनी गावोगाव हिंडून निधी जमवला. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे सात विद्यार्थ्यांनिशी शाळा उघडली. ॲलिस त्यांत होती.

या शाळेत पॅरिसमध्ये घडले तेच पुन्हा घडले. क्लेर यांनी आणलेली भाषा फ्रेंच होती, पण मुले रिकाम्या हाताने आली नव्हती. कुणाकडे घरच्या खुणा होत्या. मार्थाज् व्हिनयार्ड या बेटावर पिढ्यान् पिढ्या कर्णबधिर माणसे होती आणि तिथले ऐकणारे शेजारीही खुणांनी बोलत. तिथली मुलेही पुढे या शाळेत आली. या सगळ्यांच्या मिसळणीतून अमेरिकी सांकेतिक भाषा तयार झाली. म्हणूनच अमेरिका आणि ब्रिटनचे इंग्रजी एक असले तरी तिथल्या कर्णबधिरांच्या भाषा वेगळ्या आहेत. अमेरिकी बोटाक्षरे एका हाताने करतात, ब्रिटिश दोन हातांनी. उलट अमेरिकी भाषेत फ्रेंचचे वळण आजही दिसते. शोधणे या क्रियेची अमेरिकी खूण सी या अक्षराच्या आकाराने करतात, कारण त्या अर्थाचा फ्रेंच शब्द त्या अक्षराने सुरू होतो.

आपल्याला हे नवे वाटू नये. बेळगावची मराठी कन्नडचे, बडोद्याची गुजरातीचे आणि इंदूरची हिंदीचे पाणी पिऊन वाढली. तरी ती मराठीच आहे आणि आपली आहे.

तीन वर्षांसाठी गेलेले क्लेर अमेरिकेचेच झाले. १८१९ मध्ये त्यांनी एलायझा बोर्डमन या कर्णबधिर विद्यार्थिनीशी विवाह केला. त्यांच्या मुलांना ऐकू येत होते. शाळेसाठी ते वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष मन्रो यांना भेटले, आणि १८१९ मध्ये अमेरिकी संसदेने शाळेला जमीन दिली. त्यांचे विद्यार्थी निरनिराळ्या राज्यांत शिक्षक झाले आणि भाषाही त्यांच्याबरोबर पसरली. १८५८ मध्ये ते निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टनच्या कर्णबधिर महाविद्यालयाच्या उद्घाटनाला ७८ वर्षांचे क्लेर हजर होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अकराच वर्षांनी, १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. कर्णबधिर मुलांना तोंडी बोलणेच शिकवावे, खुणा नकोत, असा ठराव झाला. अनेक देशांत खुणा वर्गाबाहेर गेल्या, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. लहान क्लेर यांच्या हनुवटीवर बसलेला ठोसा आता हजारो मुलांच्या वाट्याला आला. तरीही वसतिगृहांत, दिवे मालवण्याआधीच्या घटकाभरात, मुलांनी भाषा जपली. १९६० मध्ये विल्यम स्टोको या प्राध्यापकांनी तिला स्वतःची रचना असलेली पूर्ण भाषा म्हणून मांडले, तेव्हा कुठे विद्वानांचे मत बदलू लागले.

आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषा आहे. तिची इंग्रजी बोटाक्षरे ब्रिटिश वळणाची, दोन हातांची आहेत. तिच्या संशोधनासाठी २०१५ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली. आपल्या वाड्यात, नात्यात, आरतीला येणाऱ्यांत एखादे कर्णबधिर मूल असतेच. घरच्या दहावीस खुणांवर त्याचे भागते असे आपण मानतो. क्लेर यांचेही बारा वर्षे तसेच भागत होते. त्या मुलाला भाषा मिळावी म्हणून त्याच्यासारख्यांची सोबत आणि सांकेतिक भाषा येणारा शिक्षक लवकर मिळवून द्यावा, आणि चार खुणा आपणही शिकाव्यात. विद्येच्या देवतेच्या उत्सवात एवढा संकल्प करायला हरकत नसावी.