नियंत्रण-आलेखाचे जनक : वॉल्टर शूहार्ट

निशातगंजमधील पेपरमिल कॉलनी हे नाव जुन्या कागद गिरणीची आठवण करून देते. एकाच लगद्यापासून, एकाच यंत्रावर, एकाच दिवशी तयार झालेले कागदाचे दोन ताव काटेकोरपणे तोलले, तरी त्यांच्या वजनात किंचित फरक आढळतोच. हा फरक यंत्राच्या बिघाडामुळे पडला, कामगाराच्या हलगर्जीपणामुळे, की निव्वळ योगायोगाने? याचे उत्तर चुकले, तर निरपराध माणसाला बोल लागतो आणि खरा दोष तसाच राहतो. या प्रश्नाला शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्यात वॉल्टर शूहार्ट यांनी आपले आयुष्य वेचले.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या न्यू कँटन या लहानशा गावी झाला. १९१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्राची डॉक्टरेट संपादन केली. पुढच्याच वर्षी ते दूरध्वनीची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. त्या काळी गुणवत्ता म्हणजे तयार मालाची अखेरची तपासणी. वाईट नग बाजूला काढायचे, एवढेच काम. शिवाय मापात जरा फरक दिसला की लगेच यंत्राची जुळणी बदलली जाई. अशा वरचेवरच्या ढवळाढवळीने फरक कमी होण्याऐवजी वाढतच असे.

१६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना जेमतेम एका पानाचे टिपण सादर केले. त्यात एक साधी आकृती होती. तोच पहिला नियंत्रण-आलेख होय. ठरावीक वेळाने मालाचे काही नमुने घ्यावेत, त्यांच्या मापांची सरासरी काढावी आणि ती आलेखावर बिंदूरूपाने मांडावी. मध्यरेषेच्या वर व खाली, त्या सरासरीच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर, दोन मर्यादारेषा असतात. बिंदू या रेषांच्या आत विखुरलेले असतील, तर तो चढउतार त्या प्रक्रियेचा स्वभाव समजावा व यंत्राला हात लावू नये. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला, तर मात्र त्याचे विशेष कारण शोधून दूर करावे. या पद्धतीची कसोटी पाहण्यासाठी त्यांनी अंक लिहिलेल्या चकत्या एका भांड्यात घालून, चार-चारच्या गटांनी, तब्बल ४००० वेळा काढल्या व प्रत्येक अंक नोंदवून ठेवला. एवढ्या चिकाटीवर त्यांचे शास्त्र उभे आहे.

१९२५ पासून १९५६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी बेल प्रयोगशाळेत काम केले. १९३१ मध्ये त्यांचा गुणनियंत्रणावरील मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली, तर १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी ती जपानी उद्योजकांपुढे मांडली. जगभर नाव डेमिंग यांचे झाले. तथापि त्यांनी शूहार्ट यांचे ऋण सदैव मान्य केले.

भारताशीही शूहार्ट यांचा जिव्हाळ्याचा संबंध आला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये ते येथे आले, देशभर फिरले आणि उद्योजकांना या पद्धतीचे महत्त्व त्यांनी पटवून दिले. पुढे १९५३ पासून भारतीय संख्याशास्त्र संस्थेने मुंबईसारख्या औद्योगिक केंद्रांत गुणनियंत्रणाचे विभाग सुरू केले. परकीय माल चांगला व देशी माल कच्चा, हा समज पुसण्याचे साधन नवोदित राष्ट्राच्या हाती आले.

११ मार्च १९६७ रोजी शूहार्ट यांचे निधन झाले. त्यांनी दिलेली दृष्टी केवळ कारखान्यापुरती नाही. एखाद्या चाचणीत दोन गुण कमी पडले म्हणून विद्यार्थ्याला दोष देणे अन्यायाचे, आणि वर्षभर सतत होत असलेली घसरण न पाहणे त्याहून अन्यायाचे. स्वाभाविक चढउतार कोणता आणि खऱ्या काळजीची खूण कोणती, हे मोजून, धीराने ओळखावे, हाच त्यांच्या जीवनकार्याचा बोध होय.