व्यापारी संत गोन्सालो गार्सिया



भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया हे आपल्या वसईचे. फेब्रुवारीत त्यांचा सण येतो, तेव्हा आपण त्यांना हुतात्मा म्हणून आठवतो. परंतु क्रुसावर जाण्यापूर्वी ते एक यशस्वी व्यापारी होते, हे आपल्या फारसे ध्यानात राहत नाही.

गोन्सालो यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते एका येशूसंघीय फादरांबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी लवकर आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पण ती पूर्ण झाली नाही.

हे दुःख लहान नव्हते. गोन्सालो तिथून निघाले व त्यांनी व्यापार सुरू केला. भाषा येत होती, ओळखी होत्या. धंद्याला बरकत आली आणि पूर्वेकडच्या इतर बंदरांपर्यंत त्यांचा व्यापार पसरला.

मन दुखावलेले असते तेव्हाच लोभाला आत शिरायला वाट सापडते. मान मिळाला नाही, तर निदान पैसा मिळवून दाखवू, असे माणसाला वाटू लागते. गोन्सालो यांच्या हाती पैसा आला, पण देवाची हाक त्यांनी मनातून पुसू दिली नाही. धंदा चांगला चाललेला असताना तो सोडून ते फिलिपाइन्समध्ये मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. स्वतःच्या मालकीचे काहीही न ठेवण्याचे व्रत त्यांनी घेतले.

१५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. राज्यकर्ता हिदेयोशी याच्या दरबारात ते बोलले. क्योतो शहरात या संघाने चर्च उभारले, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवले. ज्या भाषेत गोन्सालो यांनी मालाचे भाव ठरवले होते, तीच भाषा आता रोग्यांच्या कामी आली.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळामुळे जपानच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने तो माल जप्त केला. त्या प्रकरणातून संशय वाढत गेला आणि मिशनरींवर संकट कोसळले. डिसेंबरमध्ये गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना अटक झाली. त्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या व ऐन थंडीत महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. वय सुमारे चाळीस. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

बंधुभगिनींनो, व्यापार करणे हे पाप नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत शेतकऱ्याचेही पीक चांगले आले, हा त्याचा दोष नव्हता. त्या पिकात त्याला स्वतःशिवाय दुसरे कोणी दिसले नाही, हा दोष होता.

आपल्या मासवण परिसरातही हा प्रश्न दूरचा नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे अनेक घरांत पगार येऊ लागला. पालघर जिल्ह्यात महामार्ग व बुलेट ट्रेनसाठी जमिनी गेल्या, मोबदला आला. ज्याला त्याच्या हक्काचे मिळालेच पाहिजे. पण जमिनीचा पैसा घरात येतो तेव्हा कधी कधी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. बहिणीची सही घेतली जाते, तिचा हिस्सा मात्र दिला जात नाही. मग रविवारी मिस्सेत आपण एकमेकांना शांती देतो, ती कोणती?

सर्वांनाच गोन्सालो यांच्यासारखे सर्वस्व सोडता येणार नाही. परंतु या आठवड्यात अडवून ठेवलेला एखादा हिस्सा देता येईल, मजुराची राहिलेली मजुरी चुकती करता येईल, अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाता येईल. पैसा हातात असावा, हृदयात नसावा. हृदय प्रभूचे आहे.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.