निळ्या पानांचे कोडे सोडवणारे मिलार्दे

ऑक्टोबर छाटणी उरकली की पिंपळगाव बसवंत परिसरातल्या द्राक्षबागांत निळ्या पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या टाक्या दिसू लागतात. मोरचूद आणि चुना यांचे हे बोर्डो मिश्रण. निफाड तालुक्यातल्या बागायतदारांच्या तोंडी ‘बोर्डो’ हा शब्द इतका रुळला आहे, की ते फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे हे सहसा ध्यानात येत नाही. हे मिश्रण शेतीला दिले ते त्या शहरातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मारी अलेक्सी मिलार्दे यांनी.

मिलार्दे यांचा जन्म १८३८चा, फ्रान्सच्या पूर्वेकडील जुरा भागातला. त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ओढा वनस्पतींकडे. म्हणून ते जर्मनीत गेले आणि बुरशीजन्य रोगांचे थोर अभ्यासक अंतोन द बारी यांच्याकडे शिकले. पुढे स्ट्रासबुर्ग आणि नान्सी येथे अध्यापन करून १८७६ मध्ये ते बोर्डोला आले.

तेव्हा फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा या मुळांवरच्या बारीक किडीने उद्ध्वस्त होत होत्या. अमेरिकन वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत. त्यामुळे त्यांच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम करावे, या मताचा मिलार्दे यांनी हिरिरीने पुरस्कार केला आणि त्यासाठी वेलींचे संकर तयार केले. आज आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतात, ती पद्धतही याच विचारातली. पण अमेरिकन वेलींबरोबर एक नवे संकटही आले. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये डाऊनी मिल्ड्यू, म्हणजे आपला केवडा, आढळला. पानांवर तेलकट पिवळे डाग, खालच्या बाजूला पांढरी बुरशी, मग पानगळ. पाने गेली की घडात साखर भरत नाही. या रोगावर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता.

ऑक्टोबर १८८२ मध्ये मिलार्दे बोर्डोजवळच्या सां-ज्युलियाँ भागातून जात होते. सगळीकडे वेली उघड्या पडल्या होत्या. रस्त्याकडेच्या ओळी मात्र पानांनी भरलेल्या होत्या, आणि त्या पानांवर निळसर थर होता. चौकशी केल्यावर कळले, की येणारे-जाणारे द्राक्षे तोडतात म्हणून मोरचूद आणि चुना कालवून वेलींवर शिंपडण्याची तिथे चाल होती. फळ विषारी दिसावे आणि चोराने हात लावू नये, एवढाच हेतू. तो रंग गावाने वर्षानुवर्षे पाहिलेला होता. पण रंग आहे तिथेच पाने टिकली आहेत, हे मिलार्दे यांनी हेरले.

मात्र एवढ्यावर त्यांनी औषध सापडल्याचे जाहीर केले नाही. मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाव्हिद यांना बरोबर घेऊन त्यांनी बागेत चाचण्या केल्या. रसायनशास्त्राची बाजू उलिस गेयाँ यांनी सांभाळली. प्रयोगशाळेत एक वेगळीच गोष्ट दिसली. मिलार्दे यांच्या घरच्या विहिरीच्या पाण्यात बुरशीचे बीजाणू रुजेनात. शोध घेता, पंपाचे तांबे पाण्यात उतरत असल्याचे आढळले. म्हणजे अगदी थोडे तांबेही पुरेसे होते. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना. हा दाट काला वेलींवर झाडूने शिंपडत. आज एक टक्का मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना लागतो.

चुना कशासाठी? मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते आणि त्यातले मोकळे तांबे कोवळ्या पानांना भाजते. चुन्याने आम्लता जाते आणि तांब्याचा फिकट निळा साका तयार होतो. तो पानाला चिकटतो आणि पावसा-दवाच्या पाण्यात तांबे थोडे थोडे सोडतो.

चुना जुना किंवा कमी कसाचा असेल तर मात्र मिश्रण निळे दिसूनही घात करते. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. म्हणून दुसऱ्या रंगाची साक्ष काढावी लागते. स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवावी. पात्यावर तांबूस थर आला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते, म्हणून हा रंग. निळा लिटमस कागद लाल झाला, तरी अर्थ तोच: चुना वाढवा. लिटमसचा रंग दगडफुलासारख्या शैवाकांपासून काढतात. आम्लाने आणि अल्कलीने वनस्पतींचे रंग कसे पालटतात, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मधल्या रंगांवरील ग्रंथात तपशिलाने मांडले होते. आपल्या घरात हळदीला चुना लागून कुंकवाचा लाल रंग येतो, तोही याच जातीचा बदल.

मिलार्दे १९०२ मध्ये बोर्डो येथेच वारले. तोवर त्यांचे मिश्रण बटाट्याच्या करप्यावरही वापरात आले होते, आणि आजही ते जगभर फवारले जाते. पण या निळ्या रंगाची आणखी एक नोंद आहे, ती वैद्यकाच्या पुस्तकातली. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे बोर्डो फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत निळसर-हिरवे डाग आणि तांबे आढळल्याचे प्रसिद्ध केले. श्वासावाटे गेलेले तुषार आत साचले होते. पानावर जो थर वेलीला वाचवतो, तोच फुप्फुसात गाठी करतो.

म्हणून मिश्रण करताना सुरी आणि लिटमस जितके आवश्यक, तितकाच फवारणाऱ्याच्या तोंडावर योग्य मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत आणि मोरचुदाचे निळे खडे मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नयेत. मजुरीने फवारणाऱ्यासाठी ही साधने बागमालकानेच आणायची आहेत. छाटणीच्या खर्चात त्यांची किंमत फार नाही.