कुणी १९१६ सांगतं, कुणी १९२७. बाबासाहेबांची पीएचडी नक्की कधी पूर्ण झाली?

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला एक पोस्ट हमखास फिरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी. एमए, पीएचडी, एमएस्सी, डीएस्सी, बार-अ‍ॅट-लॉ. आपणही ती शेअर करतो. पण दोन-तीन पोस्ट शेजारी ठेवून पाहिल्या तर एक घोळ दिसतो. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएचडीसमोर कुणी १९१६ लिहितं, कुणी १९१७, तर कुणी १९२७.

पदवी एक आणि वर्षं तीन, असं कसं?

या घोळामागं ११ वर्षांची गोष्ट आहे. त्यात बुडालेलं सामान आहे, संपलेली शिष्यवृत्ती आहे, उधारीवर काढलेलं बोटीचं तिकीट आहे आणि परळच्या चाळीत बसून पुन्हा लिहिलेला प्रबंध आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत नोकरी सांभाळून, गाव न सोडता पीएचडी करू पाहणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट वाचावी अशी आहे.

तर सुरुवात होते १९१३ पासून.

भीमरावांचं वय तेव्हा २२. एल्फिन्स्टन कॉलेजमधून बीए झालेलं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षं. अट अशी, की शिकून आल्यावर १० वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ मध्ये एमए झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला आणि जूनमध्ये पीएचडीचा प्रबंधही लिहून झाला. विषय होता भारताचं राष्ट्रीय उत्पन्न. मार्गदर्शक होते नामवंत अर्थतज्ज्ञ प्राध्यापक एडविन सेलिग्मन.

म्हणजे १९१६ हे वर्ष काही खोटं नाही. पण ते प्रबंध लिहून झाल्याचं वर्ष आहे, पदवी मिळाल्याचं नाही. त्या काळी कोलंबियात एक नियम होता. प्रबंध मान्य झाला तरी तो स्वतःच्या खर्चानं छापायचा, छापील प्रती विद्यापीठात जमा करायच्या, मगच पदवी हातात पडायची. शिष्यवृत्तीतले पैसे वाचवून घरी पाठवणाऱ्या विद्यार्थ्याकडं पुस्तक छापायला पैसे कुठून येणार?

प्रबंध समुद्रात गेला

न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव नोंदवलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत या असा निरोप आला. १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागला. जाताना त्यांनी एक काम मात्र नीट केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवून ठेवली.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः एका बोटीनं निघाले आणि सामान दुसऱ्या जहाजानं पाठवलं. सामानाचं ते जहाज टॉर्पेडोनं बुडालं. बाबासाहेब वाचले, पण ग्रंथ गेले. पुढं १९२२ मध्ये त्यांनी सेलिग्मन यांना कळवलं, की मूळ प्रबंधाचं हस्तलिखितही त्या जहाजाबरोबरच गेलं.

आज लॅपटॉप बिघडला तरी फाइल ड्राइव्हवर असते. तिथं दुसरी प्रत नव्हती.

बडोद्यात त्यांना मोठी नोकरी मिळाली, पण राहायला खोली मिळाली नाही. जातीमुळं कुणी भाड्यानं घर देईना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस त्या दिवशी एका बागेत बसून रडला, असं त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय. नोकरी सुटली. ते मुंबईला परतले.

पगार साठवला, उधारी केली आणि पुन्हा लंडन गाठलं

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. पण डोक्यात एकच गोष्ट होती, चार वर्षांची मुदत संपायच्या आत लंडन गाठायचं. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार चालला होता. रमाबाई काटकसर करत होत्या आणि पगारातून पैसे बाजूला पडत होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी ५ हजार रुपये उसने दिले. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा बोटीत बसले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिकही सुरू केलं होतं.

लंडनमध्ये ते ग्रंथालय उघडायच्या वेळी आत जायचे आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर पडायचे. १९२१ मध्ये एमएस्सी झाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये डीएस्सीचा प्रबंध सादर केला. विषय होता रुपयाचा प्रश्न.

हा विषय थोडा सोपा करून सांगतो. रुपया तेव्हा चांदीचा होता. १९ व्या शतकाच्या शेवटी चांदीचा भाव पडत गेला, तसा पौंडाच्या तुलनेत रुपयाही घसरला. १८९३ मध्ये सरकारनं लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं आणि पुढं रुपयाचा दर पौंडाशी बांधून टाकला. जॉन मेनार्ड केन्ससारखा बडा अर्थतज्ज्ञ या पद्धतीच्या बाजूनं होता. बाबासाहेबांचं म्हणणं उलटं होतं. किती रुपये बाजारात आणायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर चलन वाढतं, महागाई येते आणि तिचा सगळ्यात मोठा फटका गरिबाला बसतो. म्हणून सरकारच्या हाताला लगाम हवा.

थोडक्यात, राज्य करणाऱ्या साहेबाला त्याच्याच राजधानीत बसून एक भारतीय विद्यार्थी सांगत होता की तुमचं चलनधोरण चुकलंय.

चाळीत बसून पूर्ण झालेली डॉक्टरेट

मार्च १९२३ मध्ये निकाल आला. प्रबंध आहे तसा स्वीकारता येणार नाही, पुन्हा लिहून आणा. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की लिखाणाची धार परीक्षकांना खटकली होती.

पण पुन्हा लिहायला लंडनमध्ये राहणं परवडणार नव्हतं. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. डीएस्सी अधांतरी आणि कोलंबियाची पीएचडीही अडकलेली.

इथून पुढचं काम त्यांनी घरून केलं. त्याला आज आपण दूरशिक्षण म्हणू, तेव्हा हा शब्दही नव्हता. एकीकडं हायकोर्टात वकिली सुरू करायची खटपट, दुसरीकडं घरखर्च, आणि उरलेल्या वेळात प्रबंध. त्यांनी मांडणी बदलली, पण निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्ट १९२३ मध्ये सुधारलेला प्रबंध लंडनला पुन्हा सादर झाला. नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला आणि लगेच डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनानं तो पुस्तक म्हणून छापला. प्रस्तावना लिहिली त्यांचे शिक्षक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. कॅनन यांना त्यातले बरेच मुद्दे पटले नव्हते, तरी त्यांनी लेखनातल्या ताजेपणाचं कौतुक केलं. पुस्तक बाबासाहेबांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं.

आता राहिली कोलंबिया. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या अर्थव्यवहारावरचा त्यांचा ग्रंथ त्याच प्रकाशनानं छापला. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, याचा १८३३ ते १९२१ पर्यंतचा हिशोब त्यात आहे. प्रस्तावना सेलिग्मन यांची आणि अर्पण सयाजीराव महाराजांना. छापील प्रती कोलंबियात पोहोचल्या आणि ८ जून १९२७ ला पीएचडी अधिकृतपणे मिळाली. त्यासाठी बाबासाहेबांना अमेरिकेला जावं लागलं नाही.

मधल्या काळात काय काय झालं तेही बघा. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. जुलै १९२६ मध्ये लहानगा राजरत्न गेला. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. आणि जूनमध्ये ही पदवी आली. तळ्याचं पाणी प्यायल्याबद्दल ज्यांच्या माणसांची डोकी फुटली होती, त्यांच्या नावापुढं तीन महिन्यांत कोलंबियाची पीएचडी लागली.

जाता जाता एक खुलासा. बाबासाहेबांच्या प्रबंधावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली, असं सोशल मीडियावर लिहिलं जातं. नेमकं सांगायचं तर मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगानं केली, त्या आयोगासमोर बाबासाहेबांनी साक्ष दिली होती आणि बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. एवढं खरं सांगितलं तरी त्यांचं मोठेपण कमी होत नाही.

चंद्रपूरशी नातं काय?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले आणि तिथंही त्यांनी दीक्षा दिली. सात आठवड्यांनी, ६ डिसेंबरला त्यांचं दिल्लीत निधन झालं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आज त्यांच्या नावाचं कॉलेज उभं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला आणि २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं. तोवर इथल्या पोरांचं विद्यापीठ नागपूरला होतं. आजही सिरोंच्याहून गडचिरोली गाठायची म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास जंगलातला रस्ता.

म्हणूनच घरबसल्या पीएचडीच्या जाहिराती इथल्या शिक्षकांना, नोकरदारांना भुरळ घालतात. त्यात फसू नका. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून दिल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएचडी मान्य नाहीत, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईनं २०२२ मध्येच दिलाय. नोकरी सांभाळून करायची तर अर्धवेळ पीएचडीचा रस्ता यूजीसीच्या नियमात खुला आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. मुदत साधारण सहा वर्षं आणि ठरावीक वाढ. त्यामुळं नाव नोंदवण्याआधी विद्यापीठाचे नियम वाचून घ्या, आणि चार वर्षांची परवानगी खिशात ठेवून लंडन सोडणाऱ्या बाबासाहेबांसारखी प्रत्येक मुदत कागदावर घ्या.

आणि पुढच्या वेळी ती पदव्यांची पोस्ट आली, तर पीएचडीसमोर १९२७ लिहा. कुणी चुकलं म्हणून टोकलं, तर त्याला मधल्या ११ वर्षांची गोष्ट सांगा.