उजेडाचा हिशेब मांडणारे फेख्नर

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात गुस्ताव फेख्नर यांचे नाव हटकून भेटते. कॅमेऱ्यावरच्या पुस्तकात मात्र ते क्वचितच दिसते आणि मला याचे नेहमी नवल वाटते. आज आपल्या खिशातला मोबाइल दर फोटोमागे जो हिशेब करतो, त्याचे मर्म या माणसाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याआधी त्यांनी उजेडापायी आपले डोळे जवळजवळ गमावले होते.

१९ एप्रिल १८०१ रोजी, आज पोलंडच्या हद्दीत असलेल्या एका जर्मन खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, पण असे की चर्चच्या शिखरावर त्यांनी वीजवाहक बसवला. मुलगा पाच वर्षांचा असताना ते वारले. १८१७ मध्ये फेख्नर वैद्यक शिकायला लाइप्झिगला आले आणि पुढची सत्तर वर्षे तिथेच राहिले. अभ्यास वैद्यकाचा, ओढ भौतिकशास्त्राची, आणि खिसा रिकामा! पोटासाठी त्यांनी फ्रेंच शास्त्रग्रंथांची भाषांतरे केली, आठ खंडांच्या घरगुती ज्ञानकोशाचा बराच भाग स्वतः लिहून काढला. गंमत म्हणून 'डॉ. मिझेस' या टोपणनावाने चंद्र आयोडिनचा असल्याचे 'सिद्ध'ही केले. १८३४ मध्ये ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

प्रखर वस्तू पाहून डोळे मिटले की तिची रंगीत छाया काही काळ तरळत राहते. फेख्नर यांनी तिचा अभ्यास आरंभला, तोही रंगीत काचांतून थेट सूर्याकडे पाहून. आज शाळकरी पोरालाही आपण असे करू देणार नाही. आधीच अतिश्रमाने खंगलेले शरीर आणि त्यात हे. १८४० च्या सुमारास उजेड त्यांना सोसेना. प्राध्यापकी सुटली. डोळ्यांवर पट्टी बांधून, काळ्या रंगवलेल्या खोलीत ते सुमारे तीन वर्षे राहिले. अन्न जाईना. ओळखीच्या एका बाईंना स्वप्नात एक पाककृती दिसली, मद्य आणि लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या मांसाची, आणि त्यांनी ती करून पाठवली. अशा स्वप्नांवर माझा विश्वास नाही. पण ते अन्न पोटात ठरले, एवढे खरे. पत्नी क्लारा यांनी हा सारा काळ कसा काढला असेल, ते चरित्रकार फारसे सांगत नाहीत.

ऑक्टोबर १८४३ मध्ये ते पट्टी काढून बागेत गेले. फुले त्यांना आतून उजळल्यासारखी दिसली. झाडांनाही आत्मा असतो, असे सांगणारे पुस्तक त्यांनी १८४८ मध्ये लिहिले. सहकाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले. पण जड आणि चैतन्य एकच, या ध्यासातूनच पुढचा प्रश्न आला: बाहेरचा उजेड आणि आतली जाणीव यांचे नाते आकड्यांत मांडता येईल का?

२२ ऑक्टोबर १८५० च्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना उत्तर सुचले. बाहेरचा उजेड पटीपटीने वाढतो तेव्हा जाणीव एकेका पायरीने वाढते. अंधाऱ्या खोलीत एका पणतीशेजारी दुसरी लावली तर फरक डोळ्यांत भरतो. शंभरांत एक वाढवली तर कळतही नाही. लाइप्झिगचेच वेबर यांनी वजनांच्या बाबतीत असे काही आधीच दाखवले होते. फेख्नर यांची मला सर्वांत आवडणारी करामत ढगांची. आकाशात जेमतेम वेगळ्या दिसणाऱ्या दोन छटा त्यांनी शोधल्या आणि मग त्याच करड्या काचेतून पाहिल्या. दोन्हींचा उजेड घटला, त्यांतला फरकही घटला, तरी त्या पूर्वीइतक्याच वेगळ्या दिसल्या. कारण त्यांचे गुणोत्तर बदलले नव्हते! या साऱ्याचा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये निघाला.

आता मोबाइलकडे या. त्यातला प्रकाशग्राहक भोळा आहे. उजेड दुप्पट, तर संकेत दुप्पट. नेहमीच्या फोटोत मात्र प्रत्येक रंगाच्या उजेडासाठी ० ते २५५ एवढेच आकडे असतात. ते सरळ वाटले, तर कमाल उजेडाच्या सोळाव्या हिश्शाखालच्या साऱ्या छटांना जेमतेम १६ आकडे मिळतील आणि काळ्याभोर केसांच्या जागी डाग दिसतील. म्हणून आकडे वाटणारी रेषा वाकवतात. तंत्रज्ञ तिला ट्रान्सफर फंक्शन म्हणतात. प्रचलित एसआरजीबी पद्धतीत त्याच अंधाऱ्या भागाला ७१ आकडे मिळतात. डोळा जिथे चोखंदळ, तिथे आकडे जास्त. यात योगायोगही आहे. जुन्या टीव्हीच्या काचनळीचा स्वभावच वाकडा होता. त्याची भरपाई म्हणून संकेत उलटा वाकवावा लागे, आणि तो बाक डोळ्याच्या बाकाशी बराचसा जुळला.

फेख्नर यांचे सूत्र जसेच्या तसे टिकले नाही. १९६१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनी, त्यांचा मान राखून, लॉगॅरिदमऐवजी घातांकाचा नियम पुढे केला. एसआरजीबीची रेषाही मुख्यतः घातांकाचीच आहे. सिनेमाच्या डिजिटल कॅमेऱ्यांत मात्र लॉगॅरिदमच्या धर्तीच्या रेषा सर्रास वापरल्या जातात. माझ्या मते सूत्रापेक्षा प्रश्न मोठा होता: मोजायचे ते बाहेर किती उजेड आहे एवढेच नव्हे, तर पाहणाऱ्याला तो किती भासतो हेही.

१८ नोव्हेंबर १८८७ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, फेख्नर लाइप्झिगमध्येच वारले. त्यांच्या शास्त्राचे अभ्यासक 'फेख्नर दिन' पाळतात, तो ना जन्माचा ना मृत्यूचा. २२ ऑक्टोबरचा, त्या अंथरुणातल्या सकाळचा.